नव्या गाडीतला पाना

नव्या मोटारीचे स्वागत आपल्याकडे नव्या सुनेसारखे होते. कुंकवाचे स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू आणि शेजारीपाजारी पेढे. अशा गाडीच्या दारातून चौथ्याच दिवशी खडखड ऐकू येऊ लागली तर घरच्यांनी काय समजावे? आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांवर हा प्रसंग आला. मिस्त्रीने दाराचे आतले अस्तर उतरवले आणि आतून निघाला एक पाना! कारखान्यात राहून गेलेला. गृहस्थांनी त्या अज्ञात फिटरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

पण अपराधी तो एकटा फिटरच का?

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात फ्रीमाँट नावाचे शहर आहे. तेथे जनरल मोटर्सचा मोठा कारखाना होता. गाड्यांची रांग अखंड पुढे सरके आणि ती थांबवण्याची कोणाची छाती नसे. काही चुकले तरी गाडी पुढे ढकलायची, दुरुस्तीचे मागाहून पाहता येईल! कामगार आणि व्यवस्थापक यांच्यात विस्तव जात नव्हता. तिथल्या कामगारांनीच पुढे सांगितले की, राग काढण्यासाठी काही जण दाराच्या पोकळीत मुद्दाम कोकाकोलाच्या बाटल्या ठेवीत. गिऱ्हाइकाने खुशाल आवाजाचा उगम शोधत बसावे! १९८२ साली तो कारखाना बंद पडला.

१९८४ साली जपानच्या टोयोटा कंपनीने जनरल मोटर्सशी भागी करून तोच कारखाना ‘न्यूमी’ या नावाने पुन्हा उघडला. गंमत अशी की, कामगार बहुतेक जुनेच. त्यांच्यापैकी कित्येकांना जपानला नेऊन काम दाखवले, आणि परतल्यावर त्यांच्या हाताशी एक दोरी दिली. चूक दिसली की दोरी ओढायची. तुकडीचा म्होरक्या धावत येणार, मदत करणार. तेवढ्यात चूक निस्तरली नाही तर सारी रांग थांबणार. दोरी ओढणाऱ्यावर डोळे वटारायचे नाहीत, हा नियम. पाहता पाहता त्याच हातांनी बनवलेल्या गाड्यांची गणना अमेरिकेतल्या चांगल्या गाड्यांत होऊ लागली. २०१० साली न्यूमी बंद झाली, तरी तिचा धडा कारखानदार आजही गिरवतात.

हत्यारांसाठीही चांगल्या कारखान्यांत एक साधी युक्ती असते. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली. काम संपल्यावर जी आकृती उघडी दिसेल ते हत्यार कुठेतरी राहिले. आपल्या आज्यांना हे कोणी शिकवावे लागले नाही. लग्नकार्यासाठी चार घरांतून आणलेल्या भांड्यांवर नावे कोरलेली असत, आणि परत करताना एक वाटी कमी भरली तर आजी साऱ्या घरादाराला शोधायला लावी.

मात्र उणीव कळणे निराळे आणि तिच्यासाठी काम थांबवणे निराळे. २०२३ सालच्या डिसेंबरात लॉस एंजेलिसला क्वांटास कंपनीच्या एका प्रचंड ए-३८० विमानाच्या इंजिनाची तपासणी झाली. इंजिन फिरवण्याचे सव्वा मीटर लांबीचे नायलॉनचे हत्यार आतच राहिले. हरवलेले हत्यार शोधण्याची रीतसर पद्धत होती. पण ती सुरू करण्याआधीच विमान उड्डाणास योग्य असल्याची सही झाली. ते विमान ३४ फेऱ्या, सुमारे २९४ तास उडाले. १ जानेवारी २०२४ रोजी ते हत्यार सापडले. दैव बलवत्तर, म्हणून प्रवासी सुखरूप राहिले.

माणूस आहे तोवर विसरणे आहेच. पण संध्याकाळची पाळी सुटायच्या वेळी, सगळ्यांना घरी जायची घाई असताना, एखादा पोरगेला कामगार म्हणतो, “साहेब, एक पाना कमी आहे.” त्या वेळी साहेब घड्याळाकडे पाहतात की फळ्याकडे, यावर गिऱ्हाइकाच्या घरी काय पोचणार ते ठरते.