फुलांचा व्यवसाय : उरलेल्या आयुष्याची किंमत

मुंबईत दादर स्थानकाच्या पश्चिमेस असलेल्या फूल मंडईचा दिवस पहाटेच्या अंधारातच सुरू होतो. झेंडूच्या गोण्या, शेवंतीच्या करंड्या आणि कागदात गुंडाळलेल्या गुलाबाच्या जुड्या यांमधून वाट काढणारा अनुभवी विक्रेता फुलाच्या रंगावर भुलत नाही. तो गुलाबाची कळी देठाच्या अंगास दोन बोटांनी अलगद दाबून पाहतो. कळी टणक लागली तर माल ताजा. मऊ लागली तर दुकानात पोहोचेपर्यंत पाकळ्या सैल पडणार. तो पैसे मोजतो ते फुलाच्या उरलेल्या आयुष्याचे. इतर व्यापारांत माल पडून राहिला तर व्याज चढते. येथे मालच उरत नाही.

मोगऱ्याचे गणित तर तासांचे आहे. पूर्ण वाढलेल्या, परंतु मिटलेल्या कळ्या सकाळी लवकर खुडतात, कारण त्या संध्याकाळी उमलतात. गजरा ओवला जातो तो कळ्यांचा. सुगंध दरवळतो तो ग्राहकाच्या घरी. मदुराईच्या प्रसिद्ध मल्लीला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तामिळनाडूत रस्त्यावरची विक्रेती माळ मोजते ती आपल्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या हाताने. गिऱ्हाइके लांब हाताची विक्रेती शोधत असतील तर नवल नाही!

लांब देठाच्या फुलांची कथा निराळी. पुणे जिल्ह्यातील मावळच्या हरितगृहांतला गुलाब दरवर्षी १४ फेब्रुवारीपूर्वी परदेशी रवाना होतो. एवढा प्रवास तो सोसतो, कारण तोडलेले फूल जिवंतच असते. ते श्वसन करते, पाणी ओढते आणि साठवलेली साखर खर्च करते. उष्णता वाढली की हा खर्च वाढतो. म्हणून गुलाब तोडल्याबरोबर पाण्यात ठेवून २ ते ४ अंश सेल्सिअसच्या शीतगृहात नेतात. उष्ण प्रदेशातील अँथुरियम मात्र त्याच थंडीत काळवंडते. त्याला १३ अंशांच्या आसपासचे तापमान मानवते.

घरच्या फुलदाणीत पाण्यात उभे असलेले फूल पुष्कळदा तहानेने मरते, हे ऐकून आश्चर्य वाटेल. छाटलेल्या देठात हवा शिरते, पाण्यातील जिवाणू तेथे वाढतात आणि पाणी वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नलिका तुंबतात. देठाचे टोक धारदार सुरीने तिरपे छाटावे, पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत आणि पाणी रोज बदलावे, या सूचनांमागील कारण एवढेच. गुच्छाबरोबर मिळणाऱ्या पुडीत फुलाचे अन्न म्हणून साखर, पाणी आम्लधर्मी करणारे द्रव्य आणि जंतुनाशक असते. फुलदाणी पिकलेल्या केळ्यांजवळ ठेवू नये. फळांतून निघणारा इथिलीन वायू, विशेषतः कार्नेशनला, अकाली म्हातारे करतो.

पुष्परचनाकाराची खरी परीक्षा येथेच होते. गुच्छातील सर्वांत आधी कोमेजणारे फूल संपूर्ण गुच्छाचे आयुष्य ठरवते, म्हणून रंगसंगतीइतकाच त्याला आयुष्याचा मेळ साधावा लागतो. खालून वर क्रमाने उमलणारा निशिगंध किंवा ग्लॅडिओलस त्याला म्हणूनच उपयोगी पडतो. १९५४ साली अमेरिकेत निघालेल्या, पाणी शोषणाऱ्या हिरव्या ठोकळ्याने हे काम सोपे केले. फूल हव्या त्या कोनात रोवता येऊ लागले. परंतु हा ठोकळा मातीत कुजत नाही. त्यापेक्षा तारेची जाळी किंवा जपानी रचनाकारांची काटेरी धातूची बैठक बरी. ती वर्षानुवर्षे वापरता येते.

वेळेची हीच निकड भाव ठरविण्याच्या पद्धतीतही दिसते. हॉलंडमधील आल्समीरच्या लिलावात भाव चढत नाही, उतरतो. घड्याळाचा काटा वरच्या किमतीवरून खाली सरकतो आणि जो प्रथम कळ दाबील त्याला माल मिळतो. सौदा काही सेकंदांत पुरा! बंगळूरच्या फूल लिलाव केंद्राने हीच पद्धत स्वीकारली. अमेरिकेतील काही फूलविक्रेत्यांनी १९१० साली याहून वेगळी युक्ती योजली. त्यांनी फूल पाठविण्याऐवजी तारेने मागणी पाठविली आणि त्या गावच्या विक्रेत्याने ताजा गुच्छ पोहोचविला. आपल्या जुन्या हुंडीशी या व्यवहाराचे नाते सहज ओळखू येते.

बँकेच्या दृष्टीने मात्र हा व्यवसाय अवघड. कर्जासाठी साठा नजरगहाण ठेवावा, तर महिन्याच्या साठापत्रकात नोंदविलेला माल पत्रक शाखेत पोहोचण्यापूर्वीच निर्माल्य झालेला असतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी चढ्या भावाने घेतलेला झेंडू दुसऱ्या संध्याकाळी पदपथावर ढिगाने पडून राहतो. असा एक अंदाज चुकला की छोट्या विक्रेत्याचे खेळते भांडवलच जाते आणि पहाटे उचल घेऊन रात्री व्याजासह फेडण्याच्या सावकारी चक्रात तो सापडतो. २०२० साली सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत पथविक्रेत्यांना विनातारण कर्ज मिळू लागले. पहिल्या कर्जाची मूळ मर्यादा १०,००० रुपये होती; २०२५ साली ती १५,००० रुपये झाली. वेळेवर फेड करणाऱ्यास पुढील, मोठ्या कर्जाची वाट खुली होते. शाखांनी एवढे ध्यानात घ्यावे, की फूलविक्रेत्याचा अर्ज गणपतीपूर्वी निकालात निघाला तरच त्याचा उपयोग. दिवाळीनंतर हाती पडलेल्या रकमेतून त्याला मंदीच्या दिवसांत केवळ हप्ते भरावे लागतात.