शेवटची एसटी आणि तिसरा अंक

मराठी रंगभूमीच्या आढाव्यात वाशीमचं नाव सहसा येत नाही. पण सुमारे अकराशे वर्षांपूर्वीच्या एका नाटकात ते आलं आहे. कनौजच्या दरबारातल्या राजशेखराने प्राकृतात 'कर्पूरमंजरी' हे सट्टक लिहिलं आणि त्याची बायको अवंतिसुंदरी हिच्या इच्छेवरून त्याचा प्रयोग झाला. त्यात भैरवानंद नावाचा मांत्रिक राजाला विचारतो, काय चमत्कार दाखवू? विदूषक म्हणतो, दक्षिणेत वच्छोम नगरात एक कन्यारत्न पाहिलंय, ते आणा. मंत्र पडतो आणि न्हाणीतून उठून आलेली नायिका ओल्या केसांनिशी राजासमोर उभी राहते. वच्छोम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तेच आजचं वाशीम.

नायिका मंत्राने गेली, आम्हाला मात्र एसटीने जावं लागतं. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. कलेक्टर कचेरी आली, झेडपी आली. पण मुंबई-पुण्याहून दौऱ्यावर निघालेलं नाटक बघायचं, तर अजूनही बहुतेकदा अकोल्याचं प्रमिलाताई ओक सभागृह नाहीतर अमरावतीचं सांस्कृतिक भवन गाठावं लागतं. अकोला सुमारे ८० किलोमीटर. जाताना मालेगाव, पातूर करत एसटीने जाता येतं. प्रश्न येण्याचा असतो. रात्रीचा प्रयोग सुटेपर्यंत शेवटची गाडी निघून गेलेली असते. मग चौघा-पाचजणांनी मिळून गाडी ठरवायची. माणशी भाडं तिकिटाच्या वर जातं. शेजारी विचारतातच, "नाटक पाह्यासाठी अकोल्याले जाता? घरी टीव्ही नाही काय?" वडीलधाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो, "ड्रायव्हर झोपणार तर नाही ना?"

येताना पातूरच्या घाटात खरं परीक्षण होतं. कुणाला नेपथ्य आवडलेलं असतं, कुणाला नायकाचं वऱ्हाडी खटकलेलं असतं. 'ले' आणि 'न' पेरले की वऱ्हाडी झालं, असं पुष्कळ नटांना वाटतं. आमच्या गाडीत ते कुणी खपवून घेत नाही. हेल चुकला की पात्र परकं होतं.

हा कान तयार झाला तो नाट्यगृहात नव्हे. वाशीमच्या बालाजी मंदिरापासून खेड्यातल्या सप्ताहाच्या मांडवापर्यंत जे कीर्तन चालतं, ती आमची पहिली रंगशाळा. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी तर कीर्तनाचा संवादच करून टाकला. ते लोकांना प्रश्न विचारत, लोक उत्तर देत आणि त्या उत्तरातूनच बाबा पुढचा प्रश्न काढत. समोरचा माणूस नुसता ऐकणारा उरत नसे. मानोरा तालुक्यातल्या बंजारा तांड्यांवर होळीला लेंगीची गाणी रंगतात. डफावर गेरिया म्हणजे पुरुष नाचतात, गेरणी म्हणजे बाया काठ्या घेऊन त्यांना पिटाळतात आणि कडेला उभा असलेला पाहुणाही काठीच्या टप्प्यात येतो. तिथे पहिली रांग सगळ्यात धोक्याची!

शहरातला रोजचा रंगमंच म्हणजे पाटणी चौक. हौशी पोरं हलगी वाजवून रिंगण करतात आणि व्यसनमुक्तीचं नाहीतर मतदानाचं पथनाट्य सुरू होतं. भाजीची पिशवी घेतलेली बाई थांबते, ऑटोवाला इंजिन बंद करून सीटवरूनच बघतो, मध्येच एखादी मोटारसायकल रिंगणातून वाट काढते आणि दारुड्याचं काम करणारा पोरगा तिलाच ओवाळतो. टाळी पडते. संहिता बहुधा बेताचीच असते, पण हजरजबाबीपणा अस्सल असतो. यातलेच काहीजण दिवाळीनंतर राज्य नाट्य स्पर्धेत उतरलेल्या एखाद्या संघाबरोबर पडदे ओढायला जातात.

गंमत अशी, की मराठीतली काही मोठी नाटकं आमच्याच मातीतून निघाली. महेश एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. विजया मेहतांनी १९८५ मध्ये रंगमंचावर आणलेल्या त्यांच्या 'वाडा चिरेबंदी'त अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे, सारखी वेळ विचारणारी दादी आहे आणि तात्याजींच्या तेराव्याच्या खर्चाखाली दबलेलं घर आहे. मुंबईच्या प्रेक्षकाला ट्रॅक्टर प्रतीक वाटला असेल. रिसोडकडच्या माणसाला आधी आठवतं ते त्यावरचं कर्ज. श्याम पेठकरांनी लिहिलेलं आणि हरीश इथापेंनी बसवलेलं 'तेरवं' त्याच तेराव्या दिवसाच्या पुढे जातं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकाच त्यात भूमिका करतात. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन करणाऱ्या वैशाली येडे त्यांच्यातल्याच एक. हे सोंग नव्हे, ही साक्ष आहे. ज्यांच्यावर हे बेतलेलं आहे, त्यांच्या गावात असे प्रयोग पुन्हा पुन्हा व्हायला हवेत.

पूर्व विदर्भात हे जमलं आहे. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई नावाची जत्रा भरते आणि वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. मग वऱ्हाडात असं का नाही? मला वाटतं, एक कारण पिकात आहे. धान घरात आलं की तिकडे हातात पैसा असतो आणि थोडी उसंतही. आमच्याकडे सोयाबीन निघतं न निघतं तोच हरभऱ्याची पेरणी, मग कापसाची वेचणी, मग तूर. रात्रभर जागून सकाळी वावरात जाणं कुणालाच परवडत नाही. शिवाय तिथे नाटक गावात येतं, मुक्कामाचा आणि परतीचा प्रश्नच उरत नाही.

म्हणून इथे प्रेक्षक नाही, ही तक्रार मला पटत नाही. प्रेक्षक आहे, घड्याळ जुळत नाही. रात्री नऊची वेळ घराजवळ नाट्यगृह असणाऱ्यांसाठी आहे. महिन्यातला एक शनिवार ठरवा आणि दुपारी ३ वाजता घंटा द्या. सहाला पडदा पडला, तर रिसोड, मानोरा, मंगरूळपीरचा माणूस एसटीने घरी पोचतो. कॉलेजच्या मुलींना घरून परवानगी मिळते. म्हातारी माणसंही येतात. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला. त्यावरून कारंजा किंवा शेलूबाजारला उतरलं की वाशीम जवळच. नागपूरचा संघ सकाळी निघून प्रयोग करून रात्री घरी जाऊ शकतो. सुरुवातीला खुर्च्या रिकाम्या राहतील, दोन-तीन महिने तोटाही होईल. तो सोसायला एखादं मंडळ, एखादी बँक, एखादं कॉलेज पुढे आलं, तर पुढची तिकिटं आम्ही काढू. भाड्याच्या गाडीवर आजवर जे खर्च केलं, त्याच्या निम्म्यात दुप्पट नाटकं बघून होतील.