मोडीचा कागद आणि शिक्षकांची शाळा

प्रशिक्षणाला शिक्षक सहसा खुशीने येत नाहीत. निवडणुकीचं काम, मध्यान्ह भोजनाचे हिशेब, सतरा प्रकारची माहिती भरून द्यायची, आणि त्यात हे दोन दिवस. कुणी तपासायच्या वह्या पिशवीत घालून आणतं, कुणी मागच्या खुर्चीवर बसून आज जेवणाला काय असेल याचा अंदाज घेत असतं. मी विशेष शिक्षिका आहे आणि बेळगाव-खानापूर भागातल्या वर्गशिक्षकांसाठी अशी प्रशिक्षणं घेते. वर्गातली जी मुलं इतरांसारखी शिकत नाहीत त्यांना शिकवायचं कसं, हा विषय. आलेल्या मंडळींचा कंटाळा मला कळतो. पडद्यावरची वाक्यं वाचून दाखवणारं कुणी समोर असेल, तर मीही वह्याच तपासेन.

म्हणून सुरुवातीला मी फारसं बोलत नाही. प्रत्येकाच्या हातात मोडी लिपीतला एक उतारा देते आणि सोबत अक्षरांचा तक्ता. मजकूर साध्या मराठीतच असतो, जमिनीच्या जुन्या कागदासारखा. तीन मिनिटं बघायचं आणि मग एकेकानं उभं राहून मोठ्यानं वाचायचं.

ज्यांच्या घरी पणजोबांच्या वेळची गहाणखतं अजून ट्रंकेत आहेत, त्यांना मोडी म्हणजे काय ते माहीत असेल. आधी आडवी रेघ ओढून त्याखाली हात न उचलता पळवलेली अक्षरं, दोन शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा नाही. भाषा आपलीच, शब्द ओळखीचे, आणि तरी डोळे एकेका अक्षरावर अडकतात. तिसरं अक्षर लागेपर्यंत पहिलं विसरलेलं असतं.

मग जे होतं ते दरवेळी तेच होतं. कुणी शेजारच्याच्या कागदात डोकावतं. कुणी उगीच विनोद करतं. एक सर हमखास पाणी प्यायला बाहेर जातात. एखाद्या बाई पहिले दोन शब्द लावून पुढचं अंदाजाने ठोकून देतात. वीस वर्षं पाचवीला मराठी शिकवणारा माणूस उभा राहून "अं... ज... जमी..." करतो, आणि मी घड्याळाकडे बघत म्हणते, "सोपं तर आहे! लक्ष कुठे आहे तुमचं?" हॉल गप्प होतो. हे वाक्य कुठे ऐकलं आहे, किंवा कुठे बोललं आहे, ते मला सांगावं लागत नाही.

वाचनातल्या अध्ययन अक्षमतेला आपण सगळेच आता डिस्लेक्सिया म्हणतो. २००७ च्या ‘तारे जमीं पर’ने हा शब्द घराघरांत नेला, त्याबद्दल त्या सिनेमाचे आभारच. पण एक घोटाळाही झाला. असं प्रत्येक मूल आतून मोठा चित्रकार असतं, असा समज पसरला. काही असतात, बरीच नसतात. चित्र काढता न येणाऱ्या मुलालाही वाचायला शिकवायचं असतंच की!

या मुलांची बुद्धी कमी नसते आणि डोळेही बहुतेक वेळा ठीक असतात. अडचण असते ती ऐकलेल्या शब्दाचे तुकडे पाडण्यात आणि ते तुकडे अक्षरांशी जोडण्यात. ‘कपाट’मधला ‘क’ काढला तर काय उरेल, या प्रश्नावर पहिलीतलं मूल गडबडलं तर नवल नाही. तिसरी-चौथीतलं मूलही तिथेच अडत असेल, तर कान टवकारावेत.

मराठी वाचायला सोपी, जसं लिहिलं तसं वाचायचं, असं आपण अभिमानाने सांगतो. ते खरं आहे, पण नव्याने शिकणाऱ्याला विचारा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चार मात्र अक्षरानंतर. ‘र’ हे एकच अक्षर, पण ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पायाशी, ‘राष्ट्र’मध्ये उलट्या टोपीसारखं आणि ‘तऱ्हा’मध्ये आडवं. घ-ध, भ-म, ब-व, प-ष या जोड्या निराळ्याच. आपल्या भागातल्या मराठी शाळेतलं मूल यासोबत कन्नडही शिकतं. तिथे शिरोरेघ सलग जात नाही, जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन खाली लटकतं, आणि ए-ओ हे स्वर ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन. वर इंग्रजी. नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात तीन लिप्या. बहुतेक मुलं हे सहज पेलतात, आणि मला याचं दरवेळी कौतुक वाटतं. ज्यांना पेलत नाही त्यांचं मात्र निदान फार अवघड होऊन बसतं.

कारण चौथीतलं मूल वाचत नाही म्हटलं की कारणं तयार असतात. घरी मराठी आहे म्हणून कन्नड येत नाही. कन्नड मागे लागलं म्हणून मराठी कच्चं राहिलं. घरी कुणी अभ्यास घेत नाही. यातलं एखादं खरंही असतं. मी शिक्षकांना पहिला प्रश्न हा शिकवते: अडचण एकाच भाषेत आहे, की घरच्या भाषेतही? मराठी घरातलं मूल मराठी गोष्ट झरझर वाचत असेल आणि फक्त कन्नडात अडत असेल, तर त्याला सराव आणि सहवास हवा. दोन्हींकडे तेच आणि तसंच अडत असेल, तर कान-डोळे तपासून घ्यायचे आणि पुढे पाठवायचं.

ही तपासणी मुलाच्या भाषेतच व्हायला हवी. इंग्रजीतली चाचणी मराठी मुलाला लावून काय कळणार? राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी २०१५ साली आली, आणि सुरुवातीपासूनच ती हिंदी, इंग्रजी, मराठी आणि कन्नड या भाषांत आहे. सीमाभागासाठीच केली की काय, असं मला वाटून गेलं होतं. तिच्यात शिक्षकाने भरायचा चाळणीचा भाग आहे, पहिली-दुसरीसाठी वेगळा आणि तिसरी ते पाचवीसाठी वेगळा. चाळणी म्हणजे निदान नव्हे, हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते. नाहीतर दुसऱ्या दिवशी शाळेत सात मुलं ‘डिस्लेक्सिक’ ठरलेली असतात.

कायदा कागदावर चांगला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले आणि अध्ययन अक्षमता त्यात आली. ती लवकरात लवकर ओळखणं ही शाळेची जबाबदारी, असं त्यात लिहिलं आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर अशा दर १० मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असं सांगितलं, आणि इतर शिक्षकांनाही सक्तीने प्रशिक्षण द्या असंही. प्रत्यक्षात एकच विशेष शिक्षक अनेक शाळा फिरतो. तो येतो त्या दिवशी मूल गैरहजर असलं, की भेट पुढच्या फेरीला. रोजचा संबंध राहतो तो वर्गशिक्षकाशीच.

जेवणानंतर एक प्रश्न येतोच. "बाई, माझ्या वर्गात बेचाळीस पोरं. एकट्याकडे बघत बसलो तर एकेचाळीस काय करायची?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि विचारणारा माणूस बहुधा कामसू असतो. मी त्याला जादा तास घ्यायला सांगत नाही. अचानक उठवून वाचायला लावू नका, उद्या वाचायचा परिच्छेद आजच सांगून ठेवा. फळ्यावरचं उतरवून घेण्यात त्याचा अर्धा तास जातो, त्याऐवजी शेजारच्याची वही द्या. विज्ञानाच्या उत्तरात ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापू नका. ज्याला लिहिता येत नाही त्याचं उत्तर तोंडी ऐका. जाड कागदाला एका ओळीएवढी खिडकी कापून दिली की पुष्कळ मुलांची ओळ चुकायची थांबते. पहिलीत अक्षरं वाळूत किंवा रांगोळीत बोटाने, मोठ्याने आवाज काढत गिरवून घ्या; हे बेचाळीसही मुलांना चालतं. एक साधी नोंदवही ठेवा, मूल नेमकं कुठे चुकतं ते रोज एक ओळ.

अशीच एक नोंदवही घेऊन एक बाई प्रशिक्षणानंतर दोन महिन्यांनी माझ्याकडे आल्या. चौथीतला मुलगा. शिवरायांची आग्ऱ्याहून सुटका असा रंगवून सांगायचा की वर्ग टाळ्या वाजवायचा, आणि त्याच धड्याच्या पेपरात नावापुढे कोरं पान. नावातसुद्धा काना एकदा इकडे, एकदा तिकडे. घरच्यांनी त्याला मराठी शाळेतून काढून इंग्रजी शाळेत घालायचं ठरवलं होतं, तिथे शिस्त असते म्हणून. बाईंच्या वहीत पस्तीस-चाळीस नोंदी होत्या, मराठीच्या आणि कन्नडच्याही, आणि दोन्हींकडे चुका एकाच जातीच्या. ती वही बघून मी आई-वडिलांना बोलावलं. शाळा बदलून अडचण जाणार नाही, उलट घरी न बोलली जाणारी भाषा तिच्यात भर घालेल, हे त्यांना पटायला तीन बैठका लागल्या. आईला आधी पटलं.

पुढे सरकारी रुग्णालयात तपासणी झाली, प्रमाणपत्र मिळालं. २०१८ च्या नियमांप्रमाणे ते आठ वर्षांनंतरच मिळतं आणि १४ व्या वर्षी पुन्हा तपासून घ्यावं लागतं. म्हणजे पहिली-दुसरीची दोन वर्षं शिक्षकाला कागदाशिवायच काढायची असतात. पण मोठ्या परीक्षांना हा कागद लागतो. सीबीएसईत त्यावर तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो, लेखनिक मिळतो.

वडिलांनी तो कागद कपाटात ठेवला. मुलाची आत्या लग्नाची आहे. "घराण्यात काहीतरी आहे म्हणतील, बाई. एवढं कार्य होऊन जाऊ दे." मी त्यांच्यावर रागावले नाही. आपल्याकडे स्थळं कशी मोडतात, ते मला ठाऊक आहे. फक्त एवढं सांगितलं, की कागद शाळेत दिला म्हणून तो गावात वाटला जात नाही.

मुलगा आता सहावीत आहे, त्याच माध्यमात, दुसऱ्या शाळेत. वाचतो, पण सावकाश. एक पान वाचायला इतरांच्या दुप्पट वेळ घेतो. कन्नडच्या तासाला अजून पोटात दुखतं. आत्याचं लग्न ठरलं नाही आणि कागद कपाटातच आहे. चौथीच्या बाईंनी आपली नोंदवही नव्या वर्गशिक्षकांच्या हातात नेऊन दिली. त्या सरांचं नाव ऑक्टोबरच्या प्रशिक्षणाच्या यादीत आलं आहे. वह्या घेऊन येतील बहुधा.