‘लाइक’ला मराठी वाचता येत नाही

नाव नीट आठवत नसेल तर टक्क्याचं चिन्ह टाकावं, बाकीचं डेटाबेस बघून घेतो, ही समजूत क्वेरी लिहायला शिकणाऱ्याची पहिल्याच आठवड्यात होते आणि पुष्कळांची निवृत्तीपर्यंत टिकते. प्रमाण एसक्यूएलमधल्या ‘लाइक’ला दोनच खुणा कळतात. % म्हणजे कितीही चिन्हं, अगदी एकही नसलं तरी चालेल. आणि _ म्हणजे नेमकं एक चिन्ह. फाइल शोधताना वापरतो ते * आणि ? इथे कामाचे नाहीत. अपवाद मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसचा, त्याच्या नेहमीच्या मोडमध्ये उलट तेच लागतात.

गैरसमज : ‘लाइक’ मिळतंजुळतं नाव शोधून देतो.

देत नाही. लाइक 'दीक्षित%' लिहिलंत तर ज्याने अर्ज भरताना ‘दिक्षित’ लिहिलं तो यादीत येणार नाही. ऱ्हस्व-दीर्घाची चूक पोटात घालण्याचं औदार्य त्याच्याकडे नाही. मात्र 'द_क्षित' लिहिलं, तर पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइटमध्ये दोघेही सापडतात. याचं कारण पुढच्या गैरसमजात आहे.

गैरसमज : _ म्हणजे एक अक्षर.

आपल्या लेखी ‘शिंदे’ दोन अक्षरांचा. युनिकोडच्या लेखी पाच चिन्हांचा : श, वेलांटी, अनुस्वार, द, मात्रा. त्यामुळे लाइक '__' मध्ये शिंदे येत नाहीत, पाच अधोरेखा दिल्या की येतात, आणि त्यांच्यासोबत पाटीलही येतात. ‘दी’मधली वेलांटी हेसुद्धा स्वतंत्र चिन्ह, म्हणून वरच्या उदाहरणात _ ने ती गिळली, मग ती पहिली असो की दुसरी.

जोडाक्षरांचं तेच. ‘क्ष’ साठवला जातो तो क, हलन्त आणि ष असा. म्हणून 'क%' मागितलं की कदम, कुलकर्णी यांच्या रांगेत क्षीरसागरही उभे राहतात आणि 'ज%' मध्ये ज्ञानेश्वर. नको असतील तर नॉट लाइक 'क्ष%' अशी जोड द्यावी लागते.

सगळ्यात जास्त छळतं ते ‘गोऱ्हे’. हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका पद्धतीत खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि ह. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि ह. पहिला गोऱ्हे सहा चिन्हांचा, दुसरा सात. पडद्यावर दोघांत फरक दिसत नाही, पण एका रूपाने शोधलं की दुसरं रूप हाती लागत नाही. ‘नोंद डोळ्यांसमोर आहे, तरी सर्च देत नाही’ या तक्रारीमागे कधी कधी एवढंच असतं. युनिकोडचं प्रमाणीकरण चालवूनही ही दोन रूपं एक होत नाहीत. डेटा भरतानाच एक रूप ठरवून दुसरं बदलून घेणं, हाच त्यावरचा इलाज.

गैरसमज : कॉलमवर इंडेक्स आहे, म्हणजे क्वेरी वेगात चालणार.

नेहमीचा इंडेक्स शब्दकोशासारखा सुरुवातीच्या चिन्हांवरून लावलेला असतो. 'पाटील%' ला तो उपयोगी पडू शकतो. '%कर' ला नाही. तिथे टेबलातली ओळ न् ओळ तपासली जाते. मराठी आडनावांच्या यादीत असा शोध हमखास लागतो, आणि चुकून नावाच्या कॉलमवर चालवला तर चिपळूणकरांऐवजी शंकर, दिनकर आणि सुधाकर येतात, तो भाग वेगळा. शेवटाकडूनच शोधायचं असेल तर उलट्या केलेल्या मजकुरावर इंडेक्स करा आणि 'रक%' शोधा. मधलाच तुकडा हवा असेल तर पोस्टग्रेसमध्ये ट्रायग्राम इंडेक्स मिळतो. त्याच पोस्टग्रेसमध्ये ‘सी’ सोडून दुसरा लोकॅल असेल, तर 'पाटील%' साठीसुद्धा साधा इंडेक्स वापरला जात नाही. तो बनवताना टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स सांगावं लागतं.

रोमन लिपीतल्या डेटात लहान-मोठ्या अक्षरांचा प्रश्न येतो, त्याचं उत्तर डेटाबेसनुसार बदलतं. मायएसक्यूएल आपल्या मूळ सेटिंगमध्ये भेद करत नाही, पोस्टग्रेस करतो. तिथे भेद नको असेल तर ‘आयलाइक’ वापरतात.

गैरसमज : '%' ने सगळ्या ओळी येतात.

नल असलेल्या येत नाहीत. गंमत अशी, की नॉट लाइक मध्येही त्या येत नाहीत. गाव लाइक 'पुणे%' आणि गाव नॉट लाइक 'पुणे%' यांची बेरीज एकूण ओळींइतकी भरत नसेल, तर ज्यांचा गावाचा रकानाच नल आहे ते मधल्या मध्ये गळालेले असतात. अहवालाचा ताळा न जुळण्याचं हे जुनं कारण. ऑर इज नल जोडलं की ते परत येतात.

गैरसमज : पॅरामीटर वापरले, आता शोधचौकट सुरक्षित.

एसक्यूएल इंजेक्शनपासून सुरक्षित, एवढंच. वापरकर्त्याने टाइप केलेला % किंवा _ पॅरामीटरमधून गेला तरी वाइल्डकार्डच राहतो. ‘५०%’ शोधणाऱ्याला ५०० रुपयांच्याही वस्तू दिसतात. त्या चिन्हाला साधं चिन्ह मानायचं, हे लाइक '%५०!%%' एस्केप '!' असं लिहून सांगावं लागतं. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस उलटी तिरकी रेघ आपणहून एस्केप मानतात. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरला ते कलम लिहूनच द्यावं लागतं.

तुम्ही लिहिलेल्या शोधचौकटीत आज नुसता _ टाकून बघा. सगळी यादी समोर आली, तर एस्केप करायचं राहिलं आहे.