रणभूमीखालचे आम्ल

सामना दोघांना सारखा केव्हा म्हणायचा? दोघांना एकच मैदान, एकच वेळ आणि एकच नियम दिले की झाले, असे आपण सहसा समजतो. परीक्षेबद्दलही आपली समजूत अशीच असते. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका दिली, म्हणजे न्याय झाला. ही समजूत कितपत टिकते हे पाहण्यासाठी आम्ही येथे जरा अनपेक्षित उदाहरण घेत आहोत. ते एका व्हिडिओ गेममधल्या धोकादायक रणभूमीचे आहे. तुमच्या वर्गातल्या काही विद्यार्थ्यांना हा खेळ कदाचित ठाऊकही असेल.

खेळाची रीत

निन्टेन्डो या जपानी कंपनीचा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ हा खेळ 1999 साली आला. हॅल लॅबोरेटरी या संस्थेने तो तयार केला आणि त्याचे दिग्दर्शन मासाहिरो साकुराई यांनी केले. 2001 साली त्याचा दुसरा भाग आला, ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’. हे नाव मराठी कानाला गमतीचे वाटेल, पण मूळ शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ गर्दीतली हातघाई असा आहे.

मारामारीच्या बहुतेक खेळांत प्रत्येक पात्राला ठरावीक शक्ती दिलेली असते. मार बसला की ती घटते आणि शून्य झाली की पात्र हरते. येथे उलटे आहे. मार बसेल तसा पात्राच्या नावापुढचा टक्क्यांचा आकडा वाढतो. हा आकडा कितीही वाढला तरी तेवढ्याने कोणी हरत नाही. मात्र आकडा जितका मोठा, तितके ते पात्र पुढच्या तडाख्याने दूर फेकले जाते. रणभूमी अधांतरी तरंगणारी असते. तिच्यावरून खाली पडून किंवा पडद्याच्या फार बाहेर फेकले जाऊन पात्र दिसेनासे झाले की त्याचा एक डाव गेला.

कोण किती दूर फेकला जाईल हे सूत्राने ठरते. चाहत्यांनी खेळ बारकाईने तपासून ही सूत्रे शोधून काढली आहेत. फेकीचा जो भाग टक्क्यांवर अवलंबून असतो, त्याला 200 ÷ (वजन + 100) या संख्येने गुणले जाते. ‘मेले’मध्ये मारिओचे वजन 100 आहे, म्हणून त्याचा गुणक 1 येतो. धिप्पाड बाउझरचे वजन 117, त्याचा गुणक सुमारे 0.92. चेंडूसारख्या गोल जिग्लीपफचे वजन 60, तिचा गुणक 1.25. म्हणजे हलके पात्र जास्त दूर जाते. येथवर हे आपल्या अनुभवाशी जुळते.

पडण्याच्या बाबतीत मात्र हा खेळ भौतिकशास्त्र सोडून देतो. निर्वात जागेत जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने खाली येतात, हे आपण वर्गात शिकवतो. या खेळात प्रत्येक पात्राचे गुरुत्वाकर्षण वेगळे आहे आणि त्याचा वजनाशी संबंध नाही. फॉक्स हे पात्र मारिओपेक्षा हलके आहे, वजन फक्त 75. तरीही ते अधिक वेगाने पडते. पडण्याचा कमाल वेग पाहा: फॉक्स 2.8, मारिओ 1.7, जिग्लीपफ 1.3. ही खेळातली अंतराची एकके आहेत आणि वेळ एका चित्रचौकटीची, म्हणजे 1/60 सेकंदाची आहे. पडण्यातला हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

सारखे आम्ल, वेगळे परिणाम

‘मेले’मध्ये ब्रिन्स्टार नावाची रणभूमी आहे. हे नाव 1986 सालच्या ‘मेट्रॉइड’ या खेळातल्या एका भुयारी प्रदेशाचे. या रणभूमीखाली आम्ल भरलेले असते. ते थोड्या थोड्या वेळाने वर चढते, कधी कधी जमीन झाकून टाकते आणि पुन्हा ओसरते. जो त्याला स्पर्श करेल त्याचे टक्के वाढतात आणि तो वर उडवला जातो. जमिनीचे दोन भाग जोडणारा मांसल सांधाही मार बसला की तुटतो आणि ते भाग अलग होतात.

आम्ल कोणाची बाजू घेत नाही. ते चढताना दोघांनाही दिसते आणि दोघांनाही भाजते. तरीही परिणाम सारखा होत नाही. जमीन आम्लाखाली गेली की हवेत राहावे लागते. जिग्लीपफ सावकाश पडते आणि हवेतल्या हवेत पाच वेळा उडी मारू शकते. पीच नावाची राजकन्या काही क्षण एकाच उंचीवर तरंगू शकते. फॉक्सला यांपैकी काही जमत नाही. तो झपाट्याने खाली येतो. त्यामुळे तरंगणाऱ्या पात्रांना ही रणभूमी सोयीची मानली जाई. गंमत अशी की हेच आम्ल कधी कधी तारतेही. तळाशी कोसळणारे पात्र आम्लावर आदळले की पुन्हा वर फेकले जाते, आणि हाती आलेला डाव प्रतिस्पर्ध्याला गमवावा लागतो.

याला आम्ही ‘कल’ म्हणू. परिस्थिती दोघांना सारखी असते, पण ती एकाला मानवते आणि दुसऱ्याला मानवत नाही.

दैवाचा वाटा

दुसऱ्या प्रकारचा धोका वेगळा आहे. ग्रीन ग्रीन्स या रणभूमीवर वरून ठोकळे पडतात. त्यांतल्या काहींत स्फोटके असतात आणि मार बसला की ती फुटतात. असा ठोकळा कोणाजवळ पडेल हे आधी सांगता येत नाही. येथे कल कोणाकडेच नसतो. असते ते दैव.

हलणारी प्रत्येक गोष्ट दैवाधीन असते असे मात्र नाही. योशीज स्टोरी या रणभूमीभोवती एक ढग फिरतो. त्याची एक फेरी बरोबर 20 सेकंदांची असते आणि ती सामन्याच्या घड्याळाशी बांधलेली असते. जाणकार खेळाडू घड्याळाकडे पाहून ढग कोठे आहे ते सांगतात आणि पडता पडता त्यावर उतरतात. नियमित बदल हा धोका राहत नाही. त्याचे ज्ञान होते आणि ज्ञान हा कौशल्याचाच भाग आहे.

दैव सामन्याचे नेमके काय करते हे थोडे गणित करून पाहू. समजा अ हा ब पेक्षा चांगला खेळतो आणि शुद्ध कौशल्याच्या प्रत्येक डावात त्याच्या जिंकण्याची संभाव्यता 0.7 आहे. पाच डावांपैकी तीन जिंकणारा विजयी, असा नियम धरला तर अ विजयी होण्याची संभाव्यता सुमारे 0.84 येते.

आता समजा दर चार डावांपैकी सरासरी एकाचा निकाल निव्वळ योगायोगाने, म्हणजे नाणे उडवावे तसा लागतो. मग एका डावात अ जिंकण्याची संभाव्यता अशी होईल:

0.75 × 0.7 + 0.25 × 0.5 = 0.65

पाच डावांच्या सामन्यात आता ती 0.76 वर येते. पूर्वी सहा सामन्यांत एखादा निकाल उलटा लागत असे, आता चारांत एक लागेल. हे नुकसान भरून काढता येते, पण त्यासाठी डाव वाढवावे लागतात. नऊ डावांचा सामना ठेवला तर संभाव्यता 0.83 होते. म्हणजे पाच डावांत मिळणारी खात्री मिळवायला जवळजवळ दुप्पट खेळावे लागते.

कलाचे तसे नाही. आम्ल जिग्लीपफला अनुकूल असेल तर त्याच रणभूमीवर पाच डाव खेळा की पन्नास, ते अनुकूलच राहील. उलट डाव वाढतील तसा कलाचा परिणाम अधिक पक्का होत जाईल. प्रयोगशाळेत आपण यादृच्छिक त्रुटी आणि पद्धतशीर त्रुटी असा जो भेद करतो, तो हाच. पुनःपुन्हा मोजून सरासरी काढली की पहिली घटते. शून्यावर नसलेल्या तराजूने शंभर वेळा वजन केले तरी दुसरी तशीच राहते.

स्पर्धांनी काय केले

‘मेले’च्या सुरुवातीच्या स्पर्धांत ब्रिन्स्टारला परवानगी असे. 2010 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती यादीतून वगळली गेली आणि मोजक्या सहा रणभूमी उरल्या. त्यांतही कल आहेच, कारण पूर्ण तटस्थ मैदान असतच नाही. म्हणून स्पर्धक आळीपाळीने नको असलेल्या रणभूमी खोडतात आणि डाव हरणाऱ्याला पुढची रणभूमी निवडण्याची संधी मिळते. योगायोगही सगळा काढून टाकलेला नाही. पोकेमॉन स्टेडियम या रणभूमीवर जमिनीचे रूप यादृच्छिक क्रमाने बदलते, तरी ती यादीत ठेवली गेली. पुढे 2018 साली आलेल्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’मध्ये रणभूमीवरचे धोके बंद करण्याची सोयच दिली गेली.

मग आम्ल वाईट का? तसे म्हणता येणार नाही. सापशिडीत पाच वर्षांचे मूल आजोबांना हरवू शकते, बुद्धिबळात ते फार अवघड आहे. चौघांनी जमून हसतखेळत वेळ घालवायचा असेल तर दैवाचा वाटा हवाच. प्रश्न इतकाच की आपल्याला करमणूक करायची आहे की कौशल्य मोजायचे आहे. मोजायचे असेल, तर आम्लाचा हिशेब ठेवावा लागेल.

वर्गात करून पाहा

या प्रयोगाला संगणक लागत नाही. एका पिशवीत सारख्या आकाराचे 7 लाल आणि 3 पांढरे मणी घ्या. लाल मणी म्हणजे अ चा विजय. मणी काढायचा, नोंद करायची आणि परत टाकायचा. तीन डाव आधी जिंकणारा सामना जिंकला. असे 20 सामने करा. मग आणखी 20 सामने करा, पण आता प्रत्येक डावाआधी दोन नाणी उडवा. दोन्ही छाप पडले तर आम्ल वर आले! त्या डावात मणी काढायचा नाही. निकाल एका नाण्याने लावायचा.

एका गटाच्या 20 सामन्यांत फरक बहुधा दिसणार नाही आणि मुले तक्रार करतील. तेव्हा दहा गटांचे आकडे एकत्र करा. 200 सामन्यांपैकी आम्लाविना सुमारे 167 आणि आम्लासह सुमारे 153 विजय अ ला मिळावेत. थोड्या नोंदींवरून निष्कर्ष का काढू नये, हेही त्यातून आपोआप समजेल.

शेवटी आपल्या प्रश्नपत्रिकेकडे वळू. मोजक्या प्रश्नांच्या परीक्षेत, नेमका न वाचलेला धडा विचारला गेला म्हणून चांगला विद्यार्थी मागे पडतो. हे दैव झाले आणि प्रश्नांची संख्या वाढवून, परीक्षा विभागून ते कमी करता येते. पण गणिताचे उदाहरण क्रिकेटचे नियम गृहीत धरून घातले असेल, तर कधीच क्रिकेट न पाहिलेली मुलगी गणित येत असूनही अडते. तो कल झाला. तशी आणखी दहा उदाहरणे घातल्याने तिला न्याय मिळणार नाही. तेथे उदाहरणच बदलले पाहिजे. प्रश्नपत्रिका सर्वांना एकच होती, हे उत्तर तिला देता येणार नाही. आम्लही सर्वांना एकच होते.