सांगकाम्याला सांगावे कसे?

(द्वितीय वर्ष, कला)

सांगितले तेवढेच करणाऱ्या माणसाला आपल्याकडे सांगकाम्या म्हणतात. त्याच्या फजितीच्या गोष्टी ऐकून आपण हसतो. परंतु पुष्कळदा सांगणाऱ्यानेच अर्धे सांगितलेले असते. आज संगणकाच्या जगात असाच एक नवा सांगकाम्या आला आहे. त्याचे नाव एआय एजंट.

प्रश्नाचे उत्तर देऊन न थांबता जो कृत्रिम बुद्धीचा प्रोग्राम आपल्यासाठी प्रत्यक्ष कामे करतो, तो एजंट. या कामांसाठी त्याला सॉफ्टवेअरची निरनिराळी अवजारे लागतात. अवजाराच्या पोटात काय चालते, ते त्याला सहसा दिसत नाही. त्याच्यापुढे येते ते अवजाराचे नाव, चार ओळींचे वर्णन आणि कोणती माहिती भरावी याची यादी. तेवढ्यावरून तो निवड करतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही अवजारे जोडण्याची खुली पद्धत जाहीर केली. जोडणीची रीत ठरली, तरी वर्णन नीट लिहिण्याची जबाबदारी उरतेच.

हे काम वाटते तितके सोपे नाही. आपल्या किनाऱ्यावरचाच एक आडाखा पाहा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. पूर्णगडच्या खाडीवर वाढलेल्या माणसाला एवढे पुरते. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून करायची, गावोगाव वेळेत थोडा फरक पडतो, हा केवळ अंदाज आहे, या गोष्टी त्याला न सांगता ठाऊक असतात. परक्याला मात्र त्या सांगाव्याच लागतात. एजंट हा असा परका आहे. माणूस अडला की विचारतो; एजंट पुष्कळदा अंदाज बांधतो, आणि तोही ठाम भाषेत.

आता दुसरे उदाहरण घेऊ. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहांनी टिपलेले समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासळी मिळण्याचा संभव असलेली क्षेत्रे कळवते. समजा, ही माहिती आणून देणारे एक अवजार कोणी तयार केले आणि वर्णन लिहिले, ‘मासळीची माहिती देते.’ यावरून एजंटाने काय समजावे? बाजारभाव की जाळे टाकण्याची जागा?

चांगल्या वर्णनात निदान चार गोष्टी हव्यात. पहिली, अवजार केव्हा वापरावे आणि केव्हा वापरू नये. ‘हे वादळाचा इशारा देत नाही’, हे वाक्य येथे सर्वांत मोलाचे. दुसरी, मापे. खोली मीटरमध्ये आहे की वावांत? एक वाव सुमारे १.८ मीटर, वीस मीटर म्हणजे जेमतेम अकरा वाव. मापांच्या अशाच घोटाळ्याने सप्टेंबर १९९९ मध्ये नासाचे मंगळाकडे पाठविलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान नष्ट झाले. तिसरी, रिकाम्या उत्तराचा अर्थ. ढगांमुळे उपग्रहाला समुद्र दिसला नाही, तर माहिती मिळत नाही. याचा अर्थ मासळी नाही असा नव्हे. चौथी, परिणाम. अवजार नुसती माहिती वाचते, की काही बदलते, पुसते, पैसे पाठवते? न परतणाऱ्या कामापूर्वी माणसाची संमती घेण्याची सोय अवजारातच हवी. केवळ वर्णनावर भिस्त ठेवून चालणार नाही.

मग सर्व काही लिहावे काय? तेही नाही. एजंटाचे लक्षही मर्यादित असते. पाल्हाळात महत्त्वाची अट हरवते, आणि सारख्या नावांची दोन अवजारे असली तर तो चुकीचे उचलतो. म्हणून लिहिल्यावर त्याला खरी कामे देऊन पाहावे आणि जेथे तो चुकेल तेथील वाक्य सुधारावे.

हा विषय केवळ यंत्राचा आहे असे मला वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच; म्हणून योजनांचे कागद वाचून सांगण्याचे काम माझ्याकडे येते. ‘आवश्यक ती कागदपत्रे जोडावीत’ या ओळीपाशी घरची शहाणी माणसे अडतात. त्यांची बुद्धी कमी नसते. लिहिणाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेले वाचणाऱ्यालाही ठाऊक आहे असे धरलेले असते. ‘शिधापत्रिकेची एक प्रत जोडा’ असे लिहिले, तर कोणीच अडणार नाही.

उद्या हेच कागद एजंट वाचतील आणि आपल्या वतीने अर्ज भरतील. तेव्हा मोघम वाक्याची किंमत अर्ज लिहिणाऱ्याला नव्हे, तर त्याच्यावर विसंबलेल्या माणसाला मोजावी लागेल. म्हणून भाषा शिकणाऱ्या आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी हे काम परके मानू नये. नेमके आणि पुरेसे लिहिणे ही विद्या आपलीच आहे, आणि तिची गरज आता वाढणार आहे.