उत्पादनाचे विकेंद्रीकरण आणि सुलभ तंत्रज्ञान : खोपोली ते पाबळ

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर खोपोलीचा शिळफाटा आहे. टाटांचे खोपोली जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये, तर शेजारच्या कर्जत तालुक्यातील भिवपुरी केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली आणून खोपोलीत निर्माण होणारी वीज प्रामुख्याने मुंबईच्या कापडगिरण्यांना पुरविली जात असे. वीज घाटाच्या पायथ्याशी आणि उत्पादन महानगरात, अशी ही विभागणी होती. उत्पादन एका जागी का एकवटते आणि सुलभ तंत्रज्ञानामुळे त्यात कोणता बदल संभवतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

केंद्रीकरणामागील गणित

कारखान्यात वस्तू स्वस्त होते ती मोठ्या संख्येमुळे. उदाहरणादाखल, प्लॅस्टिकच्या एखाद्या भागाचा साचा बनविण्यास १,४५,००० रुपये आणि नंतर प्रत्येक नगास ५ रुपये खर्च येतो असे मानू. हाच भाग साच्याशिवाय, संगणकीय आराखड्यावरून थ्रीडी प्रिंटरवर बनविल्यास प्रत्येक नगास १५० रुपये पडतात असेही मानू. १,००० नगांना दोन्ही पद्धतींचा खर्च सारखाच, म्हणजे १,५०,००० रुपये होतो. त्यापुढे साचा परवडतो; त्याआधी छोटे यंत्र परवडते. शिवाय आराखड्यातील माप बदलल्यास नवा साचा करावा लागत नाही. एका रुग्णाच्या हातासाठी आधारपट्टी किंवा बाजारात न मिळणारा यंत्राचा सुटा भाग, अशा एक-दोन नगांच्या गरजा त्यामुळे प्रथमच उत्पादनाच्या कक्षेत येतात.

साधने सुलभ कशी झाली

त्रिमितीय मुद्रणाचे तंत्र १९८० च्या दशकातील आहे. परंतु ते दीर्घकाळ महागड्या यंत्रांपुरते मर्यादित राहिले. २००५ मध्ये इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाचे एड्रियन बोयर यांनी ‘रेपरॅप’ प्रकल्पाद्वारे स्वतःचे अनेक भाग स्वतःच छापू शकणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली व तिचे आराखडे सर्वांसाठी खुले ठेवले. त्याच वर्षी इटलीत ‘आर्डुइनो’ हा स्वस्त नियंत्रक-फलक तयार झाला. वितळलेल्या प्लॅस्टिकचे थर रचण्याच्या पद्धतीचे मूळ पेटंट २००९ मध्ये संपुष्टात आले आणि अशा यंत्रांच्या किमती झपाट्याने उतरल्या.

पाबळचा अनुभव

या प्रवाहाशी महाराष्ट्राचा संबंध आरंभापासूनचा आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. हाताने काम करीत शिकणे हे त्याचे सूत्र होते. अमेरिकेतील एमआयटीचे प्रा. नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने २००२ मध्ये येथे सुरू झालेली फॅब लॅब ही एमआयटीबाहेरची जगातील पहिली फॅब लॅब म्हणून ओळखली जाते. दुधाची प्रत तपासणे, डिझेल इंजिनाचे काम मोजून ते नीट लावणे, असे तेथील प्रारंभीचे विषय होते. आज अशा प्रयोगशाळा शंभराहून अधिक देशांत आहेत.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. पाबळला संगणकनियंत्रित यंत्रे पोहोचली तेव्हा वेल्डिंग, सुतारकाम, शेती व वीजजोडणी शिकविणारी कामशाळा जवळजवळ दोन दशके चालू होती. कोणती वस्तू हवी हे सांगणारे शेतकरी आणि ती घडवू शकणारे विद्यार्थी तेथे आधीच होते. यंत्राने त्यांच्या क्षमतेत भर घातली.

मर्यादा

विकेंद्रीकरणाचा हा दावा मर्यादेतच स्वीकारला पाहिजे. नियंत्रकातील चिप, मोटारी आणि कच्चे प्लॅस्टिक आजही मोठ्या कारखान्यांतूनच येतात. छापील भाग थरांच्या जोडावर कमकुवत असू शकतो; म्हणून वाहनाच्या ब्रेकसारख्या ठिकाणी त्याचा वापर चाचणीविना करणे धोक्याचे ठरते. वस्तू सदोष निघाल्यास उत्तरदायित्व आराखडा करणाऱ्याचे की छापणाऱ्याचे, हाही प्रश्न उरतो.

निष्कर्ष

२०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब योजनेतून देशभरातील हजारो शाळांत थ्रीडी प्रिंटर पोहोचले. त्यामुळे यंत्राची उपलब्धता ही आता मुख्य अडचण राहिलेली नाही. मोजमाप घेणे, आराखडा काढणे, धातू व लाकूड हाताळणे आणि बिघाड शोधणे ही कौशल्ये जेथे आहेत तेथेच यंत्र उपयोगी पडते. कर्जत-खालापूरसारख्या भागातील महाविद्यालयांनी यंत्रखरेदीपूर्वी परिसरातील शेतकरी, दवाखाने व दुरुस्तीच्या कामशाळा यांच्या गरजांची नोंद करावी, तसेच लेथ व वेल्डिंगच्या कारागिरांना अध्यापनात सहभागी करून घ्यावे. शंभर वर्षांपूर्वी या भूभागाने महानगराच्या उत्पादनाला वीज दिली. स्वतःच्या गरजेच्या वस्तू स्वतः घडविण्याची संधी त्याला आता मिळू शकते. मात्र हे कौशल्य शिकविण्याची जबाबदारी स्थानिक शिक्षणसंस्थांनाच घ्यावी लागेल.